शितावरून भाताची परीक्षा

लॅबमध्ये एका मीटरवर आज २१ रीडिंग आलं, आणि तोच मीटर, त्याच वायरी, तेच सर्किट घेऊन पुढच्या टर्मला ९३ आलं, तर सर काय म्हणतील? "मीटर बदला" म्हणतील, नाहीतर जर्नलकडे बघून "कुणाचं ढापलंस?" असं विचारतील. अमेरिकेत नेमकं असंच एक रीडिंग घेतलं गेलंय. प्यू रिसर्च सेंटर ही तिथली जनमत चाचण्या घेणारी नावाजलेली संस्था. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर तिने मतदारांना विचारलं, की देशभरात निवडणूक नीट पार पडली असं वाटतं का? ट्रम्प यांना मत देणाऱ्यांपैकी फक्त २१ टक्के लोक "हो" म्हणाले. २०२४ च्या निवडणुकीनंतर पुन्हा तोच प्रश्न. या वेळी ट्रम्प यांच्या मतदारांपैकी ९३ टक्के "हो" म्हणाले! मतमोजणीची यंत्रं, कायदे, केंद्रावर बसणारे लोक, बरंचसं तेच होतं. मोठा फरक एवढाच, की २०२० मध्ये त्यांचा माणूस हरला आणि २०२४ मध्ये जिंकला.

यावरून "लोक वेडे आहेत" असं म्हणून मोकळं होता येईल. मलाही आधी तसंच वाटलं. पण वाचत गेले तसं लक्षात आलं, की यात इंजिनिअरिंगचा एक फार अवघड प्रॉब्लेम दडलाय. निवडणुकीचा निकाल जिंकणाऱ्याला पटवून द्यावा लागतच नाही, त्याला तो आपोआप पटतो. सगळी सिस्टिम डिझाइन करायची असते ती हरलेल्या माणसासाठी. आणि तेसुद्धा असं, की त्याला तुमच्यावर विश्वास ठेवायची गरजच पडू नये.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. आपल्याकडे गल्लीपासून दिल्लीपर्यंत निवडणूक म्हटली की आयोग. लोकसभा-विधानसभेला केंद्रीय निवडणूक आयोग, महापालिका-ग्रामपंचायतीला राज्याचा. अमेरिकेत सगळं चालवणारा असा एक आयोग नाही. त्यांच्या राज्यघटनेने निवडणूक घेण्याचं काम राज्यांवर सोपवलंय, आणि राज्यांनी ते खाली काउंट्यांवर आणि काही ठिकाणी तर गावांवर ढकललंय. (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्या-तालुक्याच्या मधलं काहीतरी समजा.) असे सुमारे दहा हजार वेगवेगळे निवडणूक घेणारे घटक तिथे आहेत. कुठे एक यंत्र, कुठे दुसरं, कुठे टपाली मतं आधी उघडायला परवानगी, कुठे बंदी. त्यात बऱ्याच राज्यांत निवडणूक खात्याचा प्रमुख, ज्याला सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणतात, तो स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. म्हणजे मॅचचा अंपायर एका टीमच्या जर्सीत! २०१८ मध्ये जॉर्जिया राज्यात ब्रायन केम्प सेक्रेटरी ऑफ स्टेट असतानाच गव्हर्नरपदाची निवडणूक लढले आणि जिंकले. हरलेल्या स्टेसी अब्राम्स यांनी "केम्प गव्हर्नर होणार" एवढं मान्य केलं, पण निवडणूक न्याय्य झाली असं म्हणायला नकार दिला. त्या डेमोक्रॅट. तेव्हा संशयाचा मक्ता एकाच पक्षाकडे आहे असं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

या आजाराची सुरुवात सगळे २००० सालापासून धरतात. जॉर्ज बुश विरुद्ध अल गोर. सगळा देश फ्लोरिडावर येऊन अडकला, आणि तिथे सुमारे ६० लाख मतांमध्ये फरक निघाला ५३७ मतांचा. मतदान होतं पंचकार्डवर. सळईने कार्डात भोक पाडायचं, भोकाचा तुकडा खाली पडला की मत. पण काही तुकडे अर्धवट लटकत राहिले, काही नुसतेच दबले. भिंगातून कार्ड उजेडाकडे धरून बघणाऱ्या अधिकाऱ्यांचे फोटो तेव्हा जगभर छापून आले. पाम बीच काउंटीची तर वेगळीच गंमत. वृद्ध मतदारांना अक्षरं मोठी दिसावीत म्हणून तिथल्या अधिकारी बाईंनी नावं दोन पानांवर समोरासमोर छापली आणि भोकांची रांग मध्ये ठेवली. डावीकडे गोर दुसऱ्या नंबरवर, पण त्यांचं भोक तिसरं. दुसरं भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचं. त्या काउंटीत ब्युकॅनन यांना ३,४०० च्या वर मतं पडली. यातली बरीच मतं आपली नसावीत, असं खुद्द त्यांनीच कबूल केलं. ज्या बाईंनी हे डिझाइन केलं त्या होत्या गोर यांच्याच पक्षाच्या. त्या काळात फ्लोरिडाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कॅथरीन हॅरिस (कमला हॅरिस यांच्याशी संबंध नाही) या बुश यांच्या प्रचाराच्या सहअध्यक्षही होत्या, आणि राज्याचे गव्हर्नर बुश यांचे सख्खे भाऊ. शेवटी १२ डिसेंबर २००० ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी फेरमोजणी थांबवली आणि दुसऱ्या दिवशी गोर यांनी पराभव मान्य केला.

मग काय, सरकारने पंचकार्ड हद्दपार करायला २००२ मध्ये कायदा केला आणि राज्यांना ३०० कोटी डॉलरहून जास्त पैसा दिला. राज्यांनी त्यातून चकचकीत टचस्क्रीन यंत्रं घेतली. आपण जुना लॅपटॉप स्लो झाला की जसं न बघता नवीन घेतो, तसंच. यातल्या बऱ्याच यंत्रांत कागदच नव्हता. बोट लावलं, मत मेमरीत गेलं, संपलं.

२००६ मध्ये फ्लोरिडातल्याच सॅरासोटा काउंटीत काँग्रेसच्या एका जागेसाठी सुमारे १८,००० मतदारांचं मत कोरं निघालं. त्या लोकांनी बाकीच्या पदांसाठी मतं दिली होती, नेमकी हीच जागा कोरी. निकालातला फरक ३६९ मतांचा. त्या १८,००० जणांनी मुद्दाम मत दिलं नाही, का स्क्रीनच्या मांडणीमुळे त्यांना ती जागा दिसलीच नाही, का यंत्राने खाल्लं? फेरमोजणी मागितली तर यंत्र तोच आकडा परत सांगणार, कारण त्याच्याकडे दुसरं काही नाहीच. परीक्षेत रिचेकिंगला अर्ज केला आणि विद्यापीठाने उत्तरपत्रिका न काढता कॉम्प्युटरमधले मार्कच पुन्हा प्रिंट करून पाठवले, तर कसं वाटेल? तसं. फ्लोरिडाने पुढच्याच वर्षी कागदी मतपत्रिका परत आणण्याचा कायदा केला.

इथे कुणीही कॉम्प्युटरवाला विचारेल, की अहो, बँकेचे कोट्यवधी व्यवहार रोज ऑनलाइन होतात, मग मतदानालाच काय धाड भरलीय? याचं उत्तर मला माझ्या मावसबहिणीकडून मिळालं. ताई कॅलिफोर्नियात असते आणि आता तिकडची नागरिक आहे. तिच्याकडे मतपत्रिका पोस्टाने घरी येते. ती डायनिंग टेबलावर बसून भरते, पाकिटावर सही करते, पेटीत टाकते. मग पाकीट पोचलं, सही जुळली, मत स्वीकारलं, असे मेसेज तिच्या मोबाइलवर येतात. मी तिला विचारलं, "तुझं मत नक्की कुणाला मोजलं गेलं ते पण दिसतं का गं?" ती म्हणाली, "वेडी आहेस का? ते मला दिसलं तर ते दुसऱ्यालाही दाखवता येईल. मग पैसे देऊन मत विकत घेणारा पुरावा मागेल ना!"

हाच तो प्रॉब्लेम. बँकेत चूक झाली तर आपण पासबुक घेऊन भांडायला जाऊ शकतो, कारण प्रत्येक व्यवहाराला नाव चिकटलेलं असतं. मतदानात मतावरचं नाव मुद्दाम पुसून टाकावं लागतं. सही जुळली की पाकीट वेगळं, मतपत्रिका वेगळी, आणि त्यानंतर ती कुणाची हे कुणालाच सांगता येऊ नये. म्हणजे एकही व्यवहार ज्याचा त्याला तपासता येत नाही, आणि तरी बेरीज बरोबर आहे हे सगळ्यांना, विशेषतः हरलेल्याला, दाखवून द्यायचं. आरएसए अल्गोरिदममधला आर, म्हणजे रॉन रिव्हेस्ट, यांनी जॉन वॅक यांच्याबरोबर २००६ मध्ये यासाठी एक अट मांडली. सॉफ्टवेअरमध्ये कुणाच्या लक्षात न आलेला बदल किंवा चूक असली, तरी त्यामुळे निकालात असा बदल होता कामा नये जो पकडताच येणार नाही. बघा, ते सॉफ्टवेअर परफेक्ट असावं असं म्हणतच नाहीत. चुकेल हे गृहीत धरूनच चालतात. हाताने किंवा मार्कर यंत्राने भरलेला आणि मतदाराने स्वतः वाचलेला कागद असला, की ही अट पाळता येते. २०२४ पर्यंत अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या मतांमागे असा कागद होता.

चूक होते आणि कागदामुळे सापडते, याचं माझं लाडकं उदाहरण म्हणजे मिशिगनमधली अँट्रिम काउंटी. रिपब्लिकन पक्षाचा गड, मतं सगळी मिळून सोळा हजारांच्या आसपास. २०२० च्या निवडणुकीच्या रात्री तिथे बायडन चक्क काही हजारांनी पुढे दिसले. झालं असं होतं, की शेवटच्या क्षणी काही गावांच्या मतपत्रिकेत बदल करावा लागला, पण नवीन सेटिंग सगळ्या यंत्रांत भरलंच गेलं नाही. त्यामुळे बेरीज करणाऱ्या कॉम्प्युटरने एका ओळीतला आकडा दुसऱ्याच ओळीत वाचला. सीमध्ये ॲरेचा इंडेक्स एकाने चुकला की काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. एका दिवसात चूक कळली, आकडे दुरुस्त झाले, ट्रम्प सुमारे ३,८०० मतांनी जिंकले. डिसेंबरमध्ये सगळे कागद हाताने मोजले, तेव्हा दुरुस्त आकड्यात जेमतेम डझनभर मतांचा फरक पडला. तरी "यंत्रं मतं बदलतात" या अफवेचा जन्म याच काउंटीतून झाला. चूक दुरुस्त झाली ही बातमी कोण वाचतो?

दुसरी अफवा रात्रीच्या उडीची. २०२० ला विस्कॉन्सिनमध्ये पहाटे साडेतीनच्या सुमारास बायडन यांचा ग्राफ एकदम वर चढला, अगदी स्टेप फंक्शन. कारण अगदी साधं आहे. त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे टपाली मतं मतदानाच्या दिवसाआधी मोजायला घेता येत नाहीत, आणि मिलवॉकी शहरात ती सगळी एकाच ठिकाणी मोजून एकदमच जाहीर करतात. सुमारे १ लाख ७० हजार मतं एका फटक्यात आली. ट्रम्प यांनी टपाली मतदानाची वर्षभर निंदा केलेली, त्यामुळे त्यांचे मतदार केंद्रावर गेले होते आणि डेमोक्रॅट घरूनच पाकिटं पाठवत होते. तेव्हा ही उडी बायडन यांच्या बाजूची असणार हे आधीच सांगितलं गेलं होतं. पण रात्री पुढे असताना झोपलेल्या माणसाला सकाळी मागे पडल्याचं कळलं, तर त्याला चोरी वाटणारच. मला तर वाटतं, टपाली पाकिटं आधीच उघडून ठेवायला परवानगी दिली असती तर निम्मा संशय तिथेच मिटला असता. ट्रम्प यांच्या टीमने ३० लाख डॉलर भरून तिथल्या दोन काउंट्यांत फेरमोजणी करून घेतली. बायडन यांची आघाडी ८७ मतांनी वाढली!

आणि मग आपल्या लोकांचं आवडतं गणित, बेनफर्डचा नियम. अनेक प्रकारच्या आकड्यांत पहिला अंक १ असण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के असतं आणि ९ असण्याचं ५ टक्क्यांहून कमी. हिशेबातले घोटाळे पकडायला हे वापरतात. बायडन यांची केंद्रनिहाय मतं हा नियम पाळत नाहीत, म्हणून फ्रॉड, असे ग्राफ २०२० मध्ये खूप फिरले. पण हा नियम लागू पडतो तो शेकड्यापासून लाखापर्यंत ऐसपैस पसरलेल्या आकड्यांना. मतदान केंद्रं साधारण एकाच आकाराची आखलेली असतात. प्रत्येक केंद्रावर सहाशे-सातशे मतदार आणि त्यातली बहुतेक मतं एकाच उमेदवाराला, तर त्याच्या आकड्याचा पहिला अंक ४, ५, ६ यातलाच येणार. तुमच्या हॉस्टेलमधल्या सगळ्यांची उंची सेंटिमीटरमध्ये लिहून काढा, पहिला अंक सगळ्यांचा १ येईल. रेक्टर सरांना फ्रॉड म्हणून कळवणार का?

तर कागद आहे. पण कोट्यवधी कागद पुन्हा मोजायचे कुणी? त्यात अमेरिकन मतपत्रिका म्हणजे मेसच्या मेनूकार्डाहून लांब (आपल्या मेसला मेनूकार्ड नाही, ही गोष्ट वेगळी). अध्यक्षापासून जज, स्कूल बोर्ड, स्थानिक ठराव अशा डझनावारी गोष्टींवर एकाच कागदावर मत देतात. एवढं हाताने मोजताना माणसं यंत्रापेक्षा जास्त चुकतात. इथे आपल्या आजीचं स्टॅटिस्टिक्स उपयोगी पडतं, शितावरून भाताची परीक्षा. बर्कलीचे स्टॅटिस्टिक्सचे प्राध्यापक फिलिप स्टार्क यांनी या ऑडिटची पद्धत बसवली. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात तिचे पहिले प्रयोग झाले आणि २०१७ मध्ये कोलोरॅडोने ती संपूर्ण राज्यात सुरू केली.

पद्धत अशी. यंत्राने प्रत्येक मतपत्रिकेची नोंद ठेवलेली असते. त्यातल्या काही मतपत्रिका रँडम निवडायच्या, प्रत्यक्ष कागद काढायचा आणि नोंदीशी जुळतो का ते दोन्ही पक्षांच्या माणसांनी बघायचं. रँडमसाठी कोलोरॅडोत चक्क लोकांसमोर दहा बाजूंचे फासे वीस वेळा टाकतात आणि आलेला वीस आकडी नंबर कॉम्प्युटरला सीड म्हणून देतात, म्हणजे कुठले कागद निघणार हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. आता सगळ्यात भारी भाग. किती शितं तपासायची हे पातेलं केवढं आहे यावर फारसं ठरत नाही, फरक किती आहे यावर ठरतं. चुकीचा निकाल निसटून जायची शक्यता ५ टक्क्यांच्या आत ठेवायची असेल आणि दोघांत १० टक्क्यांचा फरक असेल, तर साठ-सत्तर कागद पुरतात, अर्थात त्यांत तफावत निघाली नाही तर. फरक १ टक्का असेल तर सहाशेच्या वर लागतात. तफावत सापडत गेली तर तपासणी वाढत जाते, आणि वेळ आली तर सगळे कागद हाताने मोजायचे. आपल्याकडे व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांवर मोजतात. फरक पन्नास मतांचा असो वा पन्नास हजारांचा, पाच ते पाचच. शंभर टक्के मोजणीची मागणी सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली. तो वेगळा लेख होईल, असो.

जॉर्जियात २०२० मध्ये फरक पाव टक्क्याच्या आसपास होता आणि त्यांच्या यंत्रांत एकेक कागद नोंदीशी जुळवायची सोय नव्हती. त्यामुळे त्यांनी सरळ सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने मोजल्या. मोजताना काही काउंट्यांत आधी न मोजलेली मतं सापडली, एकट्या फ्लॉइड काउंटीत २,६०० च्या आसपास. ती मोजल्यावर बायडन यांची आघाडी घटली. म्हणजे ऑडिटने खरी चूक पकडली आणि ती हरणाऱ्याच्या फायद्याची निघाली. मग यंत्राने आणखी एक मोजणी झाली आणि शेवटचा फरक राहिला ११,७७९. सेक्रेटरी ऑफ स्टेट होते ब्रॅड रॅफेन्सपर्गर, स्वतः रिपब्लिकन आणि ट्रम्प यांचे मतदार. २ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांनी त्यांना फोन करून ११,७८० मतं शोधून द्या असं सांगितलं. त्यांनी दिली नाहीत.

तीन मोजण्या, देशभरात साठाहून जास्त कोर्टकेसेस, ट्रम्प यांच्याच ॲटर्नी जनरलचं निवेदन, आणि तरी संशय गेला नाही! ॲरिझोनात तर ट्रम्पसमर्थकांनी २०२१ मध्ये खाजगी कंपनीकडून मॅरिकोपा काउंटीतल्या सगळ्या मतपत्रिका पुन्हा तपासून घेतल्या. मतं आशियातून आली असतील तर कागदात बांबूचे धागे सापडतील, म्हणून तेही शोधले. शेवटी बायडन यांची आघाडी ३६० मतांनी वाढली. डोमिनियन या यंत्रांच्या कंपनीवर खोटे आरोप दाखवल्याबद्दल फॉक्स न्यूजला एप्रिल २०२३ मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. कंपनीला पैसे तरी मिळाले. अटलांटातल्या मोजणी केंद्रावर काम करणाऱ्या एका आई आणि मुलीचा व्हिडिओ फिरवून त्यांना चोर ठरवलं गेलं. धमक्या इतक्या आल्या, की आईला स्वतःचं घर सोडून राहावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने ट्रम्प यांचे वकील रुडी जुलियानी यांना त्या दोघींना सुमारे १४ कोटी ८० लाख डॉलर द्यायला सांगितलं. दोघी मतमोजणीच्या कामाला बसल्या होत्या, जसे आपले शिक्षक आणि प्रयोगशाळेतले काका निवडणुकीच्या ड्यूटीला बसतात तशा.

मग पुराव्याचा उपयोग काय? मला वाटतं, पुरावा स्वतःहून चालत जाऊन कुणाला पटत नाही, हरलेल्या बाजूच्या कुणीतरी तो हातात घेऊन आपल्या लोकांना सांगावा लागतो. रॅफेन्सपर्गर यांनी ते केलं, आणि २०२२ मध्ये ट्रम्प यांनी विरोधात उमेदवार उभा करूनही ते पक्षांतर्गत निवडणूक जिंकले आणि पदावर परत आले. पण कागद नसता तर ते तरी काय हातात घेणार होते? २०२४ चं हरलेल्या बाजूचं रीडिंगही बघा. २०२० ला बायडन यांच्या मतदारांपैकी ९४ टक्क्यांना निवडणूक नीट झाली असं वाटत होतं. २०२४ ला हॅरिस हरल्या, आणि त्यांच्या मतदारांचा आकडा ८४ वर आला. उतरला, पण कोसळला नाही. हॅरिस यांनी दुसऱ्याच दिवशी पराभव मान्य केला होता.

अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीची अधिकृत मतमोजणी ६ जानेवारीला संसदेत होते आणि अध्यक्षस्थानी असतो उपाध्यक्ष. २००१ मध्ये त्या खुर्चीत अल गोर होते. त्यांच्याच पक्षाचे खासदार एकामागून एक उठून फ्लोरिडाच्या मतांवर हरकत घेत होते. नियमाप्रमाणे एका तरी सिनेटरची सही लागते, ती नव्हती, म्हणून गोर यांनी प्रत्येक हरकत स्वतः फेटाळली आणि बुश जिंकल्याचं जाहीर केलं. २०२१ ला त्याच इमारतीच्या काचा फुटल्या. २०२२ मध्ये कायदा बदलला. आता हरकतीला दोन्ही सभागृहांच्या एक पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात, आणि उपाध्यक्षाचं काम फक्त औपचारिक आहे असं स्पष्ट लिहिलंय. ६ जानेवारी २०२५ ला बाहेर बर्फ पडत होतं. कमला हॅरिस यांनी आकडे वाचले, ट्रम्प ३१२, हॅरिस २२६. कुणीही हरकत घेतली नाही. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास लागला.